गयाबाईंना खाली घेतलं, त्याविषयी

परंड्याच्या स्टँडवर मी बार्शीच्या गाडीची वाट बघत उभी होते. रविवार होता, बार्शीहून थोडं सामान आणायचं होतं. गाडी आली आणि खाली उतरलेल्या कंडक्टरनं मला लांबूनच ओळखलं. ढोकीचा तो, मी तिथं शिकवायला होते तेव्हा चौथीला माझ्या वर्गात होता. तिकिटांची पेटी काखोटीला मारून जवळ आला आणि गृहपाठ केला नाही की बघायचा तसाच जमिनीकडं बघत म्हणाला, "बाई, गयाबाई गेल्या. काल सकाळी." मला काही विचारायला उसंत न देता पुढचं वाक्यही त्यानं सांगून टाकलं, "सुनंनं कधीचंच खाली घेतलं व्हतं म्हणं." तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या स्टँडवर कळलं. रडू आलंच नाही. रिकामी पिशवी तशीच हातात धरून मी गाडीत चढले आणि बार्शीला उतरून बाजारात न जाता ढोकीची गाडी धरली. त्यांच्या सुनेला, कमलला, काय काय सुनवायचं याची वाटभर उजळणी करत होते.

आमच्याकडं माणूस शेवटाला आलं असं वाटलं की त्याला बाजेवरून उचलून सारवलेल्या भुईवर ठेवतात. जीव अधांतरी जाऊ नये, जाताना पाठ मातीला लागलेली असावी, एवढाच त्यातला भाव. याला खाली घेणं म्हणतात. एकदा खाली घेतलं की गल्लीत निरोप जातो, लेकीबाळी यायला निघतात, तोंडात तुळशीचं पान पडतं. त्यात वाईट काही नाही. वाईट होतं ते घाईनं. आणि या घाईशी भांडण्यातच गयाबाईंची कितीतरी वर्षं गेली होती. 'जीव असेतो खाली घेऊ नका' असं दुसऱ्याच्या दारात उभं राहून सांगणाऱ्या बाईला तिच्याच घरात कधीचंच खाली घ्यावं... आज या गोष्टीला महिना होऊन गेला, तरी ते वाक्य आठवलं की मी बसल्या जागेवरून उठते आणि घरातल्या घरात उगीच फेऱ्या मारते. म्हणून शेवटी लिहायला बसले. गयाबाई कोण होत्या ते तर सांगायचंच आहे, पण ढोकीतून निघालेलं ते वाक्य परंड्यापर्यंत येऊन पोचलंय, त्याचाही निकाल लावायचा आहे.

गयाबाईंचं घर मूळचं मेंढरांवर जगणारं. नवरा लवकर गेला, बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, आणि लहान पोराला घेऊन त्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायला लागल्या. तिथं एक दिवस पायावर दगड आला. मुकादमानं घरी बसवलं. त्या घरी बसल्या म्हणून गल्लीत दिवसा काय चालतं ते त्यांना दिसलं. धडधाकट म्हणाल ते माणूस दिवस उगवायला कामावर गेलेलं. आणि मागं घरोघर अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, उशाला पाण्याचा तांब्या, भाकरीचा तुकडा, आणि दाराला बाहेरून कुलूप. कुत्रं शिरू नये म्हणून कुलूप. लोकांना दोष द्यायचा म्हणून सांगत नाही, पोटासाठी निघालेला माणूस दुसरं काय करणार होता? पण एका घरात चुलीतला निखारा म्हाताऱ्याच्या वाकळेवर उडाला. तो आतून ओरडतोय, आणि बाहेर सगळ्या गल्लीत लंगडणाऱ्या गयाबाईंशिवाय कुणी नाही. त्यांनी वरवंट्यानं कुलूप फोडलं. म्हातारा वाचला, वाकळ जळाली, आणि संध्याकाळी कामावरून आलेल्या घरधन्यानं आधी कुलपाची चौकशी केली. हे सांगताना गयाबाई पोट धरून हसायच्या. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी गल्लीला बजावलं. कुलूप लावायचं नाही. चुलीवर पाणी मारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तांब्या ठेवायचा तो रोग्याचा जो हात चालतो त्याच अंगाला. आणि दिवसभर सगळ्यांकडं बघायचा जिम्मा त्यांनी स्वतःकडं घेतला. त्याबदली बायका कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीतला वाटा त्यांच्या पदरात टाकायच्या. सहकाराच्या पाट्या पुढं गावोगाव लागल्या. मी सहकार पहिल्यांदा बघितला तो असा, सुकडीच्या वाट्यात.

मी त्याच सुमाराला ढोकीच्या शाळेत बदलून आले होते. आमचे हे कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. सासूबाईंना लकवा झालेला, उजवं अंग गेलेलं. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर, तेव्हा कुणीतरी गयाबाईंचं नाव सांगितलं. त्या आल्या तेव्हा वेणीफणीसाठी मी सासूबाईंना खुर्चीत टेकवून बसवलं होतं. मला वाटलं, बाई आधी रोग्याची चौकशी करील, पगाराचं विचारील. ही बाई चपला काढून आत आली आणि सरळ सासूबाईंच्या खाटेवर आडवी झाली. मी बघतच राहिले. परकी बाई, पहिली भेट, आणि माझ्या सासूच्या अंथरुणावर! डोळे टक्क उघडे ठेवून त्या तशाच पडून राहिल्या. डावा हात लांबवून तांब्याला लागतो का बघितलं. कूस पालटून बघितली. मग पडल्यापडल्याच मला म्हणाल्या, "बाई, हितनं निसतं भिताड दिसतंय. दिसभर भिताडच बघायचं व्हय म्हातारीनं?" खाट फिरवून तिचं तोंड दाराकडं केलं, पाठीला रुतणारी फळी काढून दुसरी घालायला लावली, आणि मगच सासूबाईंना नमस्कार केला. सासूबाईंना त्या दिवसापासून अंगण दिसायला लागलं, येणारं-जाणारं दिसायला लागलं, आणि माझे हाल सुरू झाले, कारण शाळा सुटल्यावर मी किती वेळ शेजारणीशी बोलत उभी राहते तेही त्यांना दिसायला लागलं.

आधी आपण पडून बघायचं. गयाबाईंचा हा पहिला नियम. पुढं त्यांच्या हाताखाली जी जी बाई तयार झाली, तिला नव्या घरात गेल्यावर आधी रोग्याच्या जागेवर आडवं व्हावं लागे. काही घरं नाक मुरडायची. एका घरच्या मालकिणीनं तर आमची बाई उठल्यावर चादर धुवायला टाकली. गयाबाई म्हणाल्या, बरं झालं, चादर धुतली तरी.

कारखान्याच्या कॉलनीतून बोलावणी वाढली, एकट्या गयाबाई पुऱ्या पडेनात, तेव्हा बायका जमवून मंडळ काढायचं ठरलं. दिवसच तसे होते. दुधाची सोसायटी, कोंबड्यांची सोसायटी, मग आपली का नको? मी अर्ज लिहिला आणि गयाबाईंना घेऊन तालुक्याला गेले. नोंदणीचा साहेब भला माणूस. चहा पाजला आणि विचारलं, "पण बाई, तुमच्या सोसायटीचा माल काय?" मी सेवा, शुश्रूषा वगैरे सांगायला लागले तर गयाबाई मध्येच म्हणाल्या, "सायेब, उद्या तुमी पडलाव तर तुमाला उठवून बसवायचं, ह्योच माल." साहेबानं कप खाली ठेवला. सोसायटी काही झाली नाही. मंडळ मात्र झालं, नोंदणीशिवायचं, माझ्या घराच्या ओट्यावर भरणारं.

मंडळात शांताबाई होती, बौद्धवाड्यातली. हाताला इतकी हलकी की तिनं कूस पालटून दिली तरी रोग्याची झोप मोडायची नाही. एका तालेवार घरानं तिला म्हाताऱ्यासाठी ठेवून घेतलं, पण पाण्याच्या घागरीला हात लावायचा नाही असं बजावलं. म्हाताऱ्याला तहान लागली की तिनं आतल्या कुणाला तरी हाक मारायची. गयाबाईंना हे कळलं तशा त्या उठल्या. मीही मागोमाग गेले. मला वाटलं, चांगल्या खडसावतील, चारचौघांत लाज काढतील. त्यांनी फक्त विचारलं, "म्हाताऱ्याचा घसा वाळला आन् आत कुणी नसलं, तर हिनं काय त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं?" घर ऐकेना. गयाबाईंनी शांताबाईला उठवलं आणि तिच्या जागी दुसरी बाईही दिली नाही. "घागरीला हात लागू द्याल तवा बोलवा. हीच यील." काही दिवसांनी बोलावणं आलं आणि तीच गेली. मला ते अजून अपुरं वाटतं. त्या घराला अपमान म्हणजे काय ते कळायला हवं होतं, नुसती तहान नाही. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा शांताबाई म्हणाली, "बाई, तिथं पुन्यांदा पाय टाकायचं माझ्या मनात न्हवतं. पर म्हाताऱ्याचं सुकलेलं तोंड डोळ्यापुढनं हलंना."

आता खाली घेण्याचं सांगते. गावात माई नावाची एक म्हातारी होती. थंडीचे दिवस. जेवताना तिला घास अडकला, डोळे फिरले, आणि घाबरलेल्या लेकांनी तिला उचलून खाली घेतलं. एकानं खांदे धरले, एकानं पाय, कमरेखाली कुणाचाच हात नाही. खाली काही अंथरलंही नाही, मरणाऱ्याला अंथरूण कशाला? पण माई मेली नाही. थोड्या वेळानं घास उतरला, तिनं डोळे उघडले आणि तोंडातलं तुळशीचं पान थुंकून टाकलं. आता पंचाईत अशी झाली की एकदा खाली घेतलेल्या माणसाला परत बाजेवर कसं चढवायचं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तसं कधी कुणी केलेलं नव्हतं. कुणी म्हणे अपशकुन होतो, कुणी म्हणे लेकी येऊन बसल्यात, त्यांना काय सांगायचं. आज जाईल, उद्या जाईल करत माई गार भुईवर तशीच पडून राहिली, उचलताना मोडलेला खुबा घेऊन. गयाबाईंनी जाऊन, भांडून तिला बाजेवर घेतलं तेव्हा पाठीची सालटं निघाली होती. पुढं ती त्या खुब्यापायी कण्हत बरेच महिने जगली.

त्यानंतर मंडळाचा तो नियम झाला. आमची बाई घरात असेल तर जीव असेतो कुणाला खाली घ्यायचं नाही. हा नियम पाळताना सगळं गोड झालं असं नाही. एका घरात म्हातारा बाजेवरच गेला, आमच्या बाईनं लेकाला हात लावू दिला नाही म्हणून. तो लेक पुढं कितीतरी वर्षं माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात भेटला की तोंड फिरवायचा. एकदाच बोलला, "माझ्या बापाला तुमी अधांतरी मारलं." त्याचं चुकलं का आमचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गयाबाईंनी ठरवून टाकलं होतं. त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असायचं, हाच त्यांचा मोठा दोष होता.

आणि याच दोषावरून आमचं दोघींचं वाजलं. कॉलनीत एक थोराड अंगाचा माणूस अंथरुणाला खिळलेला होता आणि शांताबाई त्याला एकटी उचलायची. घरातले पुरुष कारखान्याच्या पाळीवर, आणि सुना म्हणायच्या, सासऱ्याच्या अंगाला हात कसा लावायचा? एक दिवस शांताबाईच्या पाठीत कळ आली आणि ती तिथंच खाली बसली. उसाचा तो सगळा हंगाम तिनं अंथरुणात काढला. मी गयाबाईंना म्हटलं, नियम करा, एकटीनं उचलायचं नाही. दोघी तरी द्या, नाहीतर घरातलं एक माणूस हाताला पाहिजे असं सांगा.

"दोघी कुठनं आणू? एकीला घ्यायचं तर लोकांच्या जिवावर येतंय."

"मग शांताबाईच्या पाठीचं काय?"

"बाई, रोगी पडल्याला हाय. आपली बाई उभी हाय."

"आता तीही पडली आहे," मी म्हटलं.

तशा त्या चिडल्या. खडू उचलणारीनं माणूस उचलायच्या गोष्टी करू नयेत, असं काहीतरी बोलल्या. मीही कमी बोलले नाही. संक्रांत आली तरी मी तिळगूळ द्यायला गेले नाही आणि त्याही आल्या नाहीत. शेवटी शांताबाई उठून हिंडायला लागली तेव्हा तिनंच आम्हां दोघींना आपल्या ओट्यावर समोरासमोर बसवलं, हातात चहाच्या कपबश्या दिल्या आणि म्हणाली, "आता बोला न्हायतर कपं परत द्या." बोलणं सुरू झालं. पण तो नियम गयाबाईंनी कधी तोंडानं मान्य केला नाही. मी विषय काढला की "व्हय व्हय, बघू" म्हणायच्या आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागायच्या.

सासूबाई गेल्या, पुढं हेही गेले, आणि माझी बदली परंड्याला झाली. ढोकीला जाणं कमी होत गेलं. मग एक दिवस कळलं की गयाबाईंनाच लकवा झाला. भेटायला गेले तेव्हा त्या बाजेवर होत्या. बाजेचं तोंड दाराकडं, तांब्या चालत्या हाताला, सगळं त्यांच्या शिस्तीत. जीभ जड झाली होती, स्वभाव नव्हता झाला. लेक कारखान्यात पाळीवर, घरात एकटी सून. कमल पोटुशी, अवघडलेली होती, भांडी दाणदाण आपटत होती, माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. गयाबाई तिच्याकडं डोळ्यांनी खुणावून म्हणाल्या, "लई घाई करती. पर हात चांगला हाय." मला काही तो हात चांगला वाटला नाही. निघताना मी दारात थांबून म्हटलं, "नीट बघ गं यांच्याकडं." तिनं मान हलवली, ती होकाराची की नकाराची तेही मला कळलं नाही. ही आमची शेवटची भेट. म्हणूनच कंडक्टरचं वाक्य मी लगेच खरं धरलं.

ढोकीला पोचले तेव्हा ओट्यावर बायका बसल्या होत्या. एकजण माझ्या कानाशी लागून म्हणालीच, "जित्या सासूला खाली घेतलं, बाई. बोलत व्हती, खात व्हती." तिच्या शेजारची म्हणाली, "कटकट सोडवून घेतली, दुसरं काय." मी आत गेले. बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. भुईवर पणती तेवत होती. पलीकडं कमल पोट सांभाळत भिंतीला टेकून बसलेली, आणि तिच्याजवळ शांताबाई. वाटभर पाठ केलेलं सगळं बोलायला मी तोंड उघडलं, पण कमलच आधी बोलली.

"बाई, म्या खाली घेतलं म्हणून गेल्या का त्या?"

माझं पाठांतर तिथंच संपलं. मी तिच्यासमोर बसले, आणि मग दोघींनी मिळून मला सांगितलं ते असं. बाज उंच होती. कूस पालटायची तर कमलला वाकून, पोट आवरून, गयाबाईंचं निम्मं मेलेलं अंग स्वतःकडं ओढावं लागायचं. एकदा तिचा पाय सरकला आणि दोघी मिळून खाली येता येता वाचल्या. दुसऱ्या दिवशी गयाबाई म्हणाल्या, "शांताबाईला बोलीव. मला खाली घ्या." कमल रडायला लागली. शांताबाईही आधी तयार होईना. जन्मभर जे कुणाला करू दिलं नाही, ते आता यांनाच कसं करायचं? तेव्हा गयाबाई तिच्यावर खेकसल्या, "मराया न्हाय म्हणत मी. खाली आसले की हिला वाकावं लागत न्हाय, बसल्या जागी लोटता येतंय. पोटातलं पोर हाय का न्हाय तिच्या?"

आणि मग सगळं त्यांनी बाजेवरून करवून घेतलं. सारवलेल्या भुईवर आधी कडबा, वर पोती, वर वाकळा. तेवढं झाल्यावर कमलला म्हणाल्या, आता तू पडून बघ. अवघडलेली पोरगी भुईवर आडवी झाली. वरून गयाबाई विचारतायत, "काय दिसतंय?" सासूला ती आत्या म्हणायची. म्हणाली, "अंगण दिसतंय, आत्या. पर मोरीकडनं वारं लागतंय." "मग त्या भिताडाला सरकव. आता?" "आता न्हाय लागत." लेक पाळीवरून आल्यावर त्यानं आणि शांताबाईनं वाकळेची झोळी धरून त्यांना अलगद उतरवलं. कमलला झोळीला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दारावरून जाणाऱ्या एका बाईनं गयाबाईंना भुईवर बघितलं आणि झालं. भुईवरचं माणूस बघितलं की आमच्याकडं दुसरं काही मनात येतच नाही. गल्लीत निरोप गेला. कुणी तुळशीचं पान घेऊन आलं, कुणी दारातूनच गळा काढला, कुणी गयाबाईंच्या भावाला सांगावा धाडला. गयाबाई अर्ध्या तोंडानं ओरडल्या, "अजून हाय म्या! आलाव तर बसा, च्या घ्या, आन् कूस पालटाया हात लावा." रडायला आलेल्यांतल्या काहीजणींनी पदर खोचून खरोखरच हात लावला, आणि पुढंही येत राहिल्या. बाकीच्या तशाच माघारी गेल्या, आणि जाताना ते वाक्य घेऊन गेल्या. पुढं थोड्याच दिवसांत गयाबाई खरंच गेल्या तेव्हा ते वाक्य पक्कं झालं.

"आणखी एक म्हणल्या व्हत्या," कमल म्हणाली आणि तिनं शांताबाईकडं बघितलं.

"सांग की आता. त्या काय रागं भरायला येत न्हाईत," शांताबाई म्हणाली.

"खाली घेतल्यावर म्हणल्या, एकटीनं उचलायचं न्हाय म्हणतेत त्या शाळंच्या बाईंचं खरं व्हतं. पर त्यांना सांगू नगं, डोक्यावर बसतील."

तेव्हा मला रडू आलं. स्टँडवर आलं नव्हतं, गाडीत आलं नव्हतं, ते सगळं तिथं आलं. इतकी वर्षं 'बघू, बघू' म्हणणारी ही बाई... मला सांगायला काय झालं होतं? मी कशाला डोक्यावर बसले असते? बसले असते म्हणा.

पण कमलचा प्रश्न तसाच होता आणि ती माझ्याकडं बघत होती. भुईचा गारवा गयाबाईंना बाधला का? मी डॉक्टर नाही. शांताबाईनं सांगितलं, शेवटपर्यंत पाठीवर एक फोड नव्हता. शेवटी छातीत कफ भरला होता, हेही तिनंच सांगितलं. बाजेवर असत्या तर तो भरला नसता का, आणखी काही महिने मिळाले असते का, की बाजेवरून एक दिवस सासू, सून आणि पोटातलं पोर तिघंही खाली आली असती? मला कळत नाही. हे लिहितानाही कळत नाही. मला फक्त गयाबाईंची एक तपासणी येत होती, ती मी केली. उठले, आणि पणतीच्या शेजारी, भिंतीच्या अंगाला, भुईवर आडवी झाले.

ओट्यावरच्या बायका उठून दारात आल्या. मेलेल्या माणसाच्या जागेवर जितं माणूस झोपलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले. वाकळा काढून नेल्या होत्या आणि उघडी भुई गार लागत होती, ते खोटं सांगणार नाही. पण मोरीकडचं वारं लागत नव्हतं. डावा हात, गयाबाईंचा चालता तोच, लांबवला तर भुईवर तांब्या ठेवून ठेवून पडलेलं गोल वळं बोटांना लागलं. मान वळवली तर सगळं अंगण दिसत होतं, कडुनिंबापर्यंत. मी दारातल्या बायकांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात म्हटलं, "कमल, जागा चांगली आहे. गयाबाईंनी नीट बघून निवडली होती."

कमल तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

मग मी उठायला गेले आणि गुडघ्यांनी साथ दिली नाही. या वयात भुईवर जाणं सोपं असतं, वर येणं नाही. कमल डोळे पुसत जवळ आली आणि तिनं वाकून हात पुढं केला. मी तो धरला नाही. शांताबाई उठायला लागली, पण तिची पाठ मला ठाऊक होती. मी दारातल्या त्या बाईकडं बघितलं, जी माझ्या कानाशी लागली होती.

"या की आत," मी म्हटलं. "शांताबाईला हात द्या. एकटीनं उचलायचं नाही."

ती जरा घुटमळली. मग तिनं चपला काढल्या. ती आत येईपर्यंत मी तिथंच पडून राहिले.